दीड वीट

डबा लोखंडी होता. झाकणाच्या कडेला गंज धरला होता आणि अंगावर कागदाचा एक तुकडा डकवला होता. त्यावर नाव नव्हतं, नुसता आकडा होता. विजेच्या दाहिनीवरच्या माणसानं तो टेबलावर ठेवला आणि हात झटकले.

"जपून न्या, जड आहे. हाडापेरानं मोठी होती का बाई?"

"होती," म्हातारा म्हणाला.

"राखेवरून कळतं. काहींची अर्धा डबासुद्धा भरत नाही. हा बघा, झाकण बसता बसत नव्हतं."

त्यानं हे कौतुकानं सांगितलं. म्हाताऱ्यालाही ते कौतुकच वाटलं. त्यानं डबा पोटाशी धरला आणि लेकीच्या मागोमाग तो रस्त्यावर आला. डबा अजून कोमट होता. लेक म्हणाली, मी धरते. त्यानं दिला नाही.

वीटभट्टीवर या नवरा-बायकोला सगळे 'दीड वीट' म्हणायचे. भिंत दीड विटेची बांधतात, त्यातलं हे. ती अख्खी, तो अर्धी. ती त्याच्यापेक्षा डोकं-खांदा उंच होती, हातापायानं दांडगी, आणि आवाजानं तर त्याहून. दोघं मजुरी घ्यायला गेले की मुकादम बसल्या जागेवरून ओरडायचा, "दीड वीट आली रे, सरका!" ती सगळ्यांत मोठ्यानं हसायची. तो हसायचा नाही. पण तिचं हसून होईपर्यंत थांबायचा.

ती गेली ती पावसानं. तसा तो पाऊस यायचाच नव्हता. हंगाम सरत आलेला, कच्च्या विटांच्या रांगा मैदानभर वाळत पडलेल्या, अन् भर दुपारी आभाळ काळं झालं. बाकीचे लोक एकेका ताडपत्रीला दोघं-दोघं लागले होते. ती एकटीच ताडपत्री ओढत एका रांगेकडून दुसरीकडे पळत होती. विटा वाचल्या नाहीत ते नाहीतच. पाणी खालून शिरलं, आणि संध्याकाळी रांगांच्या जागी नुसता चिखल होता. भट्टीचा रिवाज असा की वीट भट्टीत चढली तर मजुरी. मैदानात विरघळली तर तोटा मजुराचा. मालक छत्री घेऊन आला, चिखलाकडे बघून च् च् करून गेला. ती दुसऱ्या दिवशी खोकतच साचा घेऊन बसली. ताप अंगावर काढला. दवाखान्यात नेली तेव्हा डॉक्टरांनी आधी म्हाताऱ्याला विचारलं, "हिचा मुलगा का तुम्ही... नाही, कोण तुम्ही?" बाकी सगळं लवकर झालं. गाव लांब, गाडी परवडणारी नव्हती, म्हणून तिला इथंच शहराच्या कडेला जाळली. राख तरी गावी न्यायची होती.

भट्टीवरच्या खोल्या सगळ्या सारख्या. एक दार, एक फळी, एक चूल. म्हाताऱ्यानं डबा फळीवर मिठाच्या बरणीशेजारी ठेवला. शेजारच्या खोलीत लेक-जावई राहायचे, पण चूल एकच होती, या खोलीतली.

"बाबा, तो डबा खाली ठेवा ना," लेक म्हणाली. "स्वयंपाक करताना सारखं तिकडेच लक्ष जातं."

"जाऊ दे की. तिचं पण असायचंच तुझ्या स्वयंपाकाकडे लक्ष."

आईनं आयुष्यभर मीठ कमी म्हणून नावं ठेवली होती. त्या दिवशी लेकीनं मीठ जरा जास्तच घातलं.

जेवताना म्हातारा म्हणाला, "हिला या डब्यात न्यायची नाही."

"मग कशात?" जावयानं विचारलं. जावई भट्टीचा ट्रॅक्टर चालवायचा. माणूस वाईट नव्हता, पण प्रत्येक गोष्टीला 'मग' लावायची त्याला सवय होती.

"चांगल्या कशात तरी. बघण्यासारख्या."

"मामा, डबा चांगला मजबूत आहे. वरून कापड बांधलं की कोणाला दिसणार आहे?"

"तिच्या बहिणीला दिसेल."

गावी आईची थोरली बहीण राहायची, यांच्या घराच्या भिंतीला भिंत लागून. लग्नाच्या दिवशी हिनंच सगळ्या मांडवासमोर नवऱ्या मुलाकडं वरून खाली बघितलं होतं आणि विचारलं होतं, "हा नवरा आहे की नवऱ्याचा नमुना?" तेव्हापासून ती प्रत्येक वेळी काहीतरी बोलायचीच. खाट विकत आणली तर म्हणायची, आमची बहीण यात तिरकी झोपणार का? बहिणीनं एवढ्याशा माणसाच्या पदरात पडून उन्हातान्हात विटा थापाव्यात, हे तिला कधी पचलं नव्हतं. आता तिच्यापुढे तिची बहीण गंजक्या डब्यात घालून न्यायची, त्यावर आकडा डकवलेला. म्हाताऱ्यानं ताट पुढं सरकवलं.

"गावी जायचा ट्रक कधी आहे?" त्यानं विचारलं.

"शेवटची भट्टी निघाली की," जावई म्हणाला. "विरघळलेल्या विटा भरून काढायच्यात अजून. तोवर आहोत इथंच."

सुटीच्या दिवशी बापलेक शहरात गेले. दवाखान्यामागच्या गल्लीत काचेच्या दाराचं दुकान होतं. आत थंड हवा, आणि भिंतीभर कलश ओळीनं मांडलेले. पितळेचे, त्यावर वेलबुट्टी कोरलेली. पांढऱ्या दगडाचे. एक निळा होता, चकचकीत, त्यात आपलं तोंड दिसेल असा. म्हातारा त्या निळ्यासमोर जाऊन उभा राहिला. त्याच्या पायांची लाल धूळ फरशीवर उमटत होती. दुकानदार आधी त्या पावलांकडं बघत होता, मग माणसांकडं.

"काय बजेट आहे, काका?"

"आधी दाखवा तर."

"दाखवतो. पण वरचे दाखवू की खालचे, तेवढं सांगा."

म्हाताऱ्याला वाटलं, तो फळीबद्दल बोलतोय. त्यानं समोरच्या दगडी कलशाला बोटाच्या पेरानं दोन टिचक्या मारल्या. वीट पक्की भाजली की नाही ते असंच वाजवून बघायचं असतं. सवयीनं हात गेला.

"अहो, अहो! वाजवताय काय! ती काय वीट आहे का?"

"नाही," म्हातारा म्हणाला आणि हात मागं घेतला.

लेकीनं निळ्याची किंमत विचारली. दुकानदारानं सांगितली. तेवढ्यात दोघांचं हंगामभराचं भागलं असतं. मग त्यानं काउंटरखालून एक काढला, सोनेरी रंगाचा. लेकीनं हातात घेतला तर रिकाम्या बाटलीइतका हलका.

"हा सोयीचा आहे. बरेच लोक घेतात."

"प्लॅस्टिक आहे हे."

"पण दिसतंय का तसं? लांबून बघा."

त्याचीही किंमत ऐकून लेकीनं तो हळूच काउंटरवर ठेवला. दोघं दाराकडं वळले. म्हाताऱ्यानं जाता जाता मागं बघितलं, तर दुकानदार फडक्यानं त्या दगडी कलशावरची टिचक्यांची जागा पुसत होता. लेकीनंही ते बघितलं. रस्त्यावर आल्यावर ती म्हणाली, "मेल्यानं पुसला." म्हातारा म्हणाला, "धूळ होती माझ्या हाताला." एवढंच. पण घरी येईपर्यंत तो हात खिशात घालून चालला.

मग जावयानं मनावर घेतलं. भंगारवाल्याशी त्याची ओळख होती. एका संध्याकाळी ट्रॅक्टरच्या सीटखालून त्यानं कागदात गुंडाळलेली वस्तू काढली आणि सासऱ्यासमोर ठेवली. चांगला पितळेचा, झाकणाचा, दोन कानांचा कप निघाला. शर्यतीत मिळतो तसला. जावयानं चिंचेनं घासून लख्ख केला होता.

"मामा, नवा घ्यायचा तर शंभरदा विचार करावा लागेल. हा वजनावर मिळाला."

कप खरंच देखणा होता. लेकीच्या डोळ्यांत भरला. म्हाताऱ्यानं तो फिरवून बघितला. खाली कोरलं होतं, 'धावणे, प्रथम क्रमांक'.

"हे काय?"

"अक्षरं घासून जातील. कानशीनं घासतो मी."

"धावण्यातला आहे हा," म्हातारा म्हणाला. "ती कधी धावलीय आयुष्यात?"

"धावली की," लेक म्हणाली. "पावसात."

म्हाताऱ्यानं कप कागदात गुंडाळला, हवा होता त्यापेक्षा जास्त वेळ लावून गुंडाळला आणि जावयाच्या हातात दिला. "चांगला आहे. पण दुसऱ्या कोणाचा आहे," तो म्हणाला. जावयाला राग आला नाही. त्यानं 'मग'सुद्धा म्हटलं नाही.

दिवसा काम चालूच होतं. पहाटे गारा, म्हणजे विटांचा चिखल, तुडवायचा, मऊ झाला की गोळा उचलून साच्यात आपटायचा, वरचा जास्तीचा तारेनं कापायचा, साचा उचलून रांगेत उपडा करायचा, माती चिकटू नये म्हणून पुन्हा राखेत बुडवायचा. आईची जागा आता लेकीनं घेतली होती. आई गोळा असा आपटायची की चारी कोपरे एका दणक्यात भरायचे. लेकीच्या विटांचे कोपरे बोथट निघत होते. मुकादम रांगेतून चालत आला, थांबला.

"आईची सर नाही हो तुला."

"तिला जाऊन सांगा. फळीवर आहे," लेक म्हणाली.

मुकादम पुढं सरकला. म्हातारा पलीकडं गारा तुडवत होता. त्याच्या टाचांना भेगा पडल्या होत्या आणि त्यात माती जाऊन बसली होती. पूर्वी तो तुडवायचा आणि ती उचलायची. त्याचा गारा तिला कधी पटायचा नाही. म्हणायची, मांजर चालून गेल्यासारखं वाटतंय, वजन पाड की अंगाचं. आता तो वजन पाडत होता. बोलायला कोणी नव्हतं.

भट्टीच्या पुढच्या वळणावर एक कुंभारीण राहायची. कुंड्या करायची, पाण्याचे माठ करायची, शहरातल्या रोपवाल्यांना द्यायची. वय चाळिशीचं, जीभ तिखट. त्या पावसानं तिचाही घात केला होता. मातीच्या खाणीत पाणी भरलं होतं आणि चाक बंद पडलं होतं. म्हातारा तिच्याकडं गेला तेव्हा ती चाकाशेजारी बसून लसूण सोलत होती.

"काय हो काका? विटा विकायला आलात का मला?"

त्यानं येण्याचं कारण सांगितलं. तिनं लसूण खाली ठेवला.

"करीन की. पण माती कुठाय? आणि द्याल काय?"

"माती मी देतो. आमच्या तळ्याच्या बुडाशी बारीक गाळ आहे, विटांना चालत नाही, तुला चालेल. काढून देतो, चाळून देतो, तुडवून देतो. तुझ्या कुंड्यांपुरतीही देतो. पैसे नाहीत."

"पैसे कोणी मागितले?" ती म्हणाली, जरी ती तेच मागणार होती.

मग भट्टीवरचं काम संपलं की म्हातारा घमेलं घेऊन तळ्यावर जायचा. गुडघाभर पाण्यात उभं राहून गाळ उपसायचा, डोक्यावरून वळणापर्यंत न्यायचा. घमेल्याचं पाणी मानेवरून पाठीत उतरायचं. कुंभारणीच्या अंगणात चाळायचा, खडा खडा वेचायचा आणि तुडवायला लागायचा. कुंभारीण खाली बसून मातीत बोट घालून बघायची.

"अजून."

तो अजून तुडवायचा.

"काका, माणूस छोटा पण पाय भारी आहेत तुमचे."

त्याला ते फार बरं वाटलं. घरी येऊन त्यानं लेकीला सांगितलंसुद्धा, दुसऱ्याच कोणाबद्दल सांगावं तसं.

माती तयार झाली त्या दिवशी तो पिशवीत डबा घेऊन गेला. कुंभारणीनं पिशवीत डोकावलं आणि दचकून मागं सरली.

"आत... आहेत का त्या?"

"हो. माप द्यायला आणलंय."

"अहो, रिकामा डबा आणायचा ना!"

"रिकामा कुठून आणू? एकच तर आहे."

ती हसली, मग तोंडावर हात धरला. तिनं डबा स्वतः उचलून चाकासमोर ओट्यावर ठेवला, आणि एकदा नजरेनं त्याचं माप घेतलं. चाक फिरलं. मातीचा गोळा मध्ये बसला, उघडला, वर चढायला लागला. म्हातारा उकिडवा बसून बघत होता. आयुष्यभर मातीत काढूनही त्यानं तिला गोल होताना कधी जवळून पाहिलं नव्हतं. त्याची माती चौकोनात आपटायची असायची. ही माती बोटांच्या मागोमाग जात होती. पोट भरलं, खांदे रुंद झाले, मान वळली.

"थांब," तो एकदम म्हणाला.

"का?"

"असाच राहू दे. आता हात लावू नको."

"आणखी वर घेते की थोडा. माती आहे."

"नको, नको. बिघडेल. हे असंच पाहिजे."

तिनं डब्याकडं बघितलं, भांड्याकडं बघितलं, म्हाताऱ्याकडं बघितलं. त्याच्या चेहऱ्यावर असं काही होतं की तिनं मातीवरचे हात उचलले. तिनं चाक थांबवलं आणि दोऱ्यानं भांडं कापून वेगळं केलं. ओल्या मातीचे ते खांदे उन्हात चमकत होते. डबा त्याच्याशेजारी होता, दोघांची उंची-रुंदी बरोबर जुळत होती. म्हातारा समाधानानं घरी आला आणि त्या दिवशी पोटभर जेवला.

शेवटची भट्टी निघाली. ट्रक दुसऱ्या दिवशी यायचा होता. सकाळी कुंभारीण स्वतःच कलश घेऊन आली, गवतात गुंडाळलेला. तिनं तो सुकताना गारगोटीनं घोटला होता. भाजून तो तांबडा, गुळगुळीत निघाला होता आणि एका बाजूला धुराचा काळा पट्टा चढला होता.

"धूर लागला इथं," ती म्हणाली. "कुंड्यांच्या मागं होता ना."

"असू दे. तिच्या दंडाला होता असा, भाजल्याचा," म्हातारा म्हणाला.

झाकण नीट बसत होतं. शेजारच्या खोल्यांतल्या बायका येऊन बघून गेल्या. एकजण म्हणाली, आमचं मेल्यावर कोण करतंय एवढं. म्हाताऱ्यानं पेरानं टिचकी मारली. खणखणीत वाजला. इथं त्याला कोणी रागावलं नाही. कुंभारीण घाईत होती, ती परत गेली.

दार लावून तिघं बसले. खाली वर्तमानपत्र पसरलं. जावयानं कलश धरला, म्हाताऱ्यानं डबा उचलून हळूहळू ओतायला सुरुवात केली. राख एकसारखी नव्हती, मध्येच करडे बारीक खडे होते, ते मातीवर वाजत होते. पोट भरलं. खांदे भरले. मानेपर्यंत आली आणि म्हाताऱ्याचा हात थांबला. डबा अजून जड होता.

"आपटा थोडं, बसेल खाली," जावई म्हणाला.

त्यांनी कलश हलवला, जमिनीवर अलगद टेकवला, पुन्हा हलवला. राख बोटभर खाली गेली. पुन्हा ओतली, पुन्हा काठ आला. लेकीनं डब्यात डोकावलं. तळाशी चांगली चार-पाच ओंजळी राख उरली होती.

म्हातारा डब्याकडं बघत राहिला. मग त्याच्या तोंडून निघालं, "आटली."

"काय?"

"माती. ओली असताना बघितला मी. वाळून आटते, भाजून आटते. अरे, म्हणून तर साचा मोठा करतात! जन्मभर मोठ्या साच्यात घालून लहान वीट काढली मी आणि..." त्याला पुढं बोलता येईना. त्यानं स्वतःच्या कपाळावर हात मारून घेतला, चांगला जोरात.

जावयानं कलश खाली टेकवला. "मग काय करायचं, मामा? उरलेली इथं मैदानात टाकू का? तिनं इथंच तर काम केलं. वाईट काय त्यात?"

"कोणती उरलेली?" म्हातारा म्हणाला. "सांग ना. पाय टाकू इथं की हात? कोणता भाग नको आहे आपल्याला?"

जावई खाली मान घालून बसला. लेकीनं वर्तमानपत्रावरचे कण बोटानं टिपायला घेतले. टिपता टिपता तिला हसू आलं. आधी नाकातून, मग आवरेना.

"आई कशात मावली होती, बाबा? दवाखान्यातल्या खाटेच्या बाहेर पाय होते तिचे. नर्स म्हणत होती, खुर्ची लावा, खुर्ची लावा."

"मग मी खुर्ची लावली होती," म्हातारा म्हणाला, आणि तोही हसला. हसता हसता त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि ते पुसायचं त्याला सुचलं नाही. मग तो उठला, डब्याला झाकण लावलं आणि वळणाकडं निघाला. लेक मागोमाग गेली.

कुंभारीण अंगणात कुंड्या मोजत होती. त्यानं डबा तिच्यासमोर ठेवला.

"लहान झाला."

तिनं झाकण काढून बघितलं आणि तिचा चेहरा उतरला. "अगं बाई! मला वाटलं, तुम्ही आटणं धरून सांगताय. तुम्ही मातीतले माणूस."

"तुला नाही का कळत? तू कोण आहेस, शिंपीण?"

"अहो, मी म्हणत होते ना, वर घेते म्हणून! तुम्हीच ओरडलात, हात लावू नको!"

"ओरडलो. तू का ऐकलंस?"

कुंभारीण आत गेली. आत भांड्यांचा आवाज झाला आणि ती बाहेर आली ती हातात कलश घेऊन. तसाच. तेच खांदे, तीच मान. याला धूर लागला नव्हता एवढंच.

"हा कुठला?" लेकीनं विचारलं.

"कोणी एक सांगितला की आम्ही दोन करतो. भट्टीत एखादा तडकतो. चांगला निघेल तो गिऱ्हाईकाला. या वेळी मेले दोन्ही चांगले निघाले." तिनं तो म्हाताऱ्यापुढं धरला. "घ्या. माती तुमचीच आहे."

म्हाताऱ्यानं तिथंच अंगणात बसून डबा त्यात रिता केला, बूड ठोकून शेवटचा कण पाडला. कलशाचा तळ जेमतेम झाकला.

"एवढ्याशासाठी एवढा मोठा कशाला, काका?" कुंभारीण म्हणाली. "माझ्याकडं लहान बरणी आहे. झाकणाची. ती देते, हा ठेवा."

"हाच दे."

"रिकामाच राहील सगळा."

"राहू दे."

लेक वाटेत म्हणाली, "बाबा, खरंच बरणी चालली असती. ट्रकमध्ये दोन-दोन सांभाळायचे म्हणजे..." त्यानं ऐकलं नसल्यासारखं केलं. रिकामा डबा मात्र त्यानं कुंभारणीच्या अंगणातच सोडला होता.

ट्रकमध्ये सामान, खाटा, भांडी आणि माणसं सगळी एकत्र भरली होती. लेकीनं भरलेला कलश मांडीवर घेतला, दुसरा म्हाताऱ्यानं पायांच्या बेचक्यात धरला. खड्डा आला की तो झाकणावर हात दाबायचा. दिवसभर ते असेच बसून गेले. उतरायच्या वेळी त्याला पाय सरळ करता येईनात. जावयानं काखेत हात घालून त्याला खाली घेतलं.

मेहुणी दारातच उभी होती. तीही उंच, बहिणीसारखीच, पण आता वाकलेली. म्हाताऱ्यानं लेकीला पुढं केलं. लेकीनं कलश मावशीच्या ओट्यावर ठेवला आणि वरचं गवत काढलं. उन्हं कलत होती आणि तांबड्या मातीवर चकाकी आली होती. मेहुणी बराच वेळ बघत राहिली. तिनं हात पुढं केला, कलशाच्या खांद्यावरून फिरवला, धुराच्या डागावर थांबवला.

"कुठून आणला?"

"करून घेतला," म्हातारा म्हणाला.

"चांगला आहे," ती म्हणाली. म्हणायला तिला जड गेलं, पण ती म्हणाली. मग तिचं लक्ष त्याच्या हाताकडं गेलं. "आणि हा दुसरा कशाला?"

"एकात मावली नाही ती. उरलेली यात आहे."

मेहुणीनं तो त्याच्या हातातून घेतला, झाकण उचलून आत बघितलं.

"मेल्या, यात तर तळालाच आहे. बाकी सगळा रिकामा. एवढा मोठा काय करायचा होता?"

"बाकीची जागा माझी आहे," म्हातारा म्हणाला. "मी मावेन तेवढ्यात."

लेकीनं त्याच्याकडं बघितलं. तिला आत्ताच कळलं होतं.

मेहुणीनं त्याला वरून खाली बघितलं, जसं ती नेहमी बघायची. मग ती होती तिथंच ओट्यावर बसली, कलश मांडीत धरून मोठ्यानं रडायला लागली. म्हाताऱ्यानं वाकून तो तिच्याकडून हलकेच काढून घेतला आणि पहिल्याशेजारी ठेवला.